कॉन्सुलच्या पेटीतलं लुगडं

१

पेटीतला तुकडा खोटा आहे हे ज्याने शोधून काढलं, त्याच्यावरच तो चोरल्याचा आळ आला.

मीनाक्षीला हे केयाने फोनवर सांगितलं तेव्हा ती व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या आपल्या टाउनहाउसमध्ये कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. एका इन्शुरन्स कंपनीत तिने उभी हयात खोटे क्लेम पकडण्यात घालवली होती. जळलेली दुकानं, मुद्दाम तळ्यात सोडलेल्या गाड्या, एकदा तर मेलेला माणूस फ्लोरिडात गोल्फ खेळताना सापडला होता. रिटायर झाल्यावर लोकांवर संशय घ्यायचा नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. ते फारसं जमलं नव्हतं.

"मावशी, प्लीज ये," केया म्हणाली. "इट्स अबाउट राजस. येत्या मंडेला म्युझियमवाले युनिव्हर्सिटीला कळवणार आहेत."

केया इथेच जन्मलेली, मीनाक्षीच्या मैत्रिणीची मुलगी. डलस विमानतळाजवळच्या एका ऑफिस पार्कमध्ये व्यापाराच्या इतिहासाचं छोटंसं खासगी संग्रहालय होतं, तिथे ती क्युरेटर होती. राजस पुण्याहून इंजिनिअरिंग करून आलेला, मग इतिहासाकडे वळलेला. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहून पीएचडी करत होता आणि दर पंधरवड्याला गाडी हाणत इथे यायचा. यायचा तो एका पेटीसाठी.

ती पेटी मुंबईतल्या अमेरिकन कॉन्सुलची. राणीच्या राज्यातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा काळ. लोकांना वाटतं कॉन्सुल म्हणजे जहाजांच्या कागदांवर शिक्के मारणारा आणि मेजवान्या झोडणारा. पण त्याला वॉशिंग्टनहून सारखे प्रश्न यायचे. तिकडच्या बायका काय नेसतात? कापडाचा पन्हा किती रुंद लागतो? कुठला रंग अशुभ मानतात? कुणाचा माल खपतो आणि का? कॉन्सुल उत्तरं पाठवायचा, सोबत नमुने पाठवायचा, आणि जगभरच्या कॉन्सुलांची अशी उत्तरं एकत्र होऊन गिरण्यांच्या मालकांपर्यंत जायची. मॅसॅच्युसेट्समधल्या गिरणीला सोलापूरच्या बाईचा काठ घरबसल्या कळायचा.

पेटीतल्या नमुन्यांत सगळ्यांत देखणा होता एका लुगड्याच्या काठाचा तुकडा. त्याच्या मागच्या कोपऱ्यात एक पुसट गोल डाग होता. तो शिक्का असावा असा राजसचा कयास. तो वाचण्यासाठी त्याने तुकडा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला, तर सगळं कापड निळसर लखलखलं. हल्लीच्या सुताला पांढरं दिसण्यासाठी जे रसायन लावतात ते या दिव्याखाली असं चमकतं. शंभर वर्षांपूर्वीचं सूत चमकत नाही. आणि डागाचा तर पत्ताच नव्हता.

संग्रहालयाच्या कॉरिडॉरमध्ये येऊ घातलेल्या प्रदर्शनाची पोस्टर्स लागली होती. डाव्या बाजूला मोठं शीर्षक, आणि त्याच्याकडे पाठ करून उजवीकडे झुकलेल्या पिवळ्या कोयऱ्यांची रांग. केयाने मीनाक्षीला आत नेऊन तो खोटा तुकडा दाखवला. गडद लाल काठ, कड खाली, वर डावीकडे माना टाकलेल्या कोयऱ्या. काम सुबक होतं.

"खरा तुकडा हातात घेतला होता असे किती जण?"

केयाने चौघांची नावं सांगितली. ती स्वतः, राजस, साड्यांचा व्यापारी शैलेंद्र आणि प्रदर्शन समितीचे अध्यक्ष त्र्यंबक रेवणकर.

"आणि पेटीपाशी एकटं कोण राहिलं होतं?"

केयाने नजर खाली घातली. "फक्त राजस," ती म्हणाली. ते बोलताना तिने गळ्यातला दार उघडायचा पास मुठीत धरला होता, आणि मीनाक्षीच्या मनात पहिला संशय आला तो केयाचाच.

२

राजस तिला एका स्ट्रिप मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात भेटला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याने आधीच वकिलाला विचारून ठेवलं होतं. युनिव्हर्सिटीने काढून टाकलं तर व्हिसा जाणार, व्हिसा गेला की बॅगा भरायच्या. घरी आईला अजून सांगितलं नव्हतं.

मीनाक्षीने आधी त्याला त्याच्या विषयावर बोलू दिलं. माणूस आपल्या आवडीच्या गोष्टीवर बोलायला लागला की खोटं बोलायचं विसरतो, हा तिचा जुना अनुभव. राजसचा प्रश्न साधा होता. कॉन्सुलला मराठी येत नव्हतं, तो मुंबईच्या बाहेर क्वचितच गेला. मग विणकराच्या घरातलं इतकं आतलं त्याला सांगितलं कुणी? कोणीतरी त्यांच्यातलाच, त्यांची भाषा बोलणारा, मागावर हात ठेवून गप्पा मारणारा माणूस असणार. त्याचं नाव कुठेच नव्हतं. तो शिक्का त्याचा असावा, अशी राजसला आशा होती.

"हे तू कुणाकुणाला सांगितलं होतंस?"

"सगळ्यांना, मावशी. लपवायचं काय त्यात? गेल्या दिवाळीच्या फराळाला त्र्यंबककाकांकडे होतो, तिथे तासभर हेच बोललो. केया होती, शैलेंद्रदादा होता. मागच्या बाजूला शिक्का आहे, दिवा मिळाला की वाचतो, असं म्हणालो. दिवा यायला वर्ष लागलं, यार."

"मे महिन्यात पेटीच्या खोलीत गेला होतास का?"

तो नाही म्हणाला. फार पटकन म्हणाला.

दरवाजाच्या नोंदीत मे महिन्यातल्या एका रविवारी केयाचा पास वापरलेला दिसत होता, आणि केया त्या दिवशी बॉस्टनला बहिणीच्या लग्नात होती. हे मीनाक्षीने त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला की पास केयानेच दिला होता. चॅप्टर संपवायचा होता, पुढच्या आठवड्यात गाइडला द्यायचा होता, म्हणून. हे कळलं असतं तर केयाची नोकरी गेली असती.

म्हणजे दोघंही काहीतरी लपवत होते, आणि दोघंही एकमेकांसाठी. इन्शुरन्सच्या धंद्यात अशा जोड्या तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या निरपराध निघायच्या. बाकीच्या निम्म्यांनी घर जाळलेलं असायचं.

३

शैलेंद्रचं दुकान अ‍ॅशबर्नला. मागे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती, त्यांची अखंड घरघर, आणि पुढे काचेआड उभ्या बाहुल्यांना नेसवलेल्या नऊवारी. दारातच बोर्ड होता: 'कॉन्सुल कलेक्शन'. त्या पेटीतल्या काठावरून त्याने सोलापूरला लुगडी विणून घेतली होती, आणि व्हर्जिनियापासून न्यू जर्सीपर्यंतच्या बायका ती मंगळागौरीला नेसत होत्या.

तो मीनाक्षीला पाहून उगाच जास्त हसला. चहा मागवला, खुर्ची पुसली. तो तुकडा खोटा निघाला हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा, "ही बातमी बाहेर जाणार का?"

"का? गेली तर काय होईल?"

"मावशी, माझा सगळा ब्रँड त्या तुकड्यावर उभा आहे. ओरिजनलच गायब म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

मग तिने विचारलं की सोलापूरला त्या काठाचा माग लावलेला आहे, म्हणजे पेटीतला खोटा तुकडाही तिथेच विणला गेला असेल ना. तेवढ्यात गिऱ्हाईक आत आलं, शैलेंद्रने नोकराला खूण केली. मग हळूच कबूल केलं, की हो, त्यानेही हा विचार केला होता. विणकराला फोनसुद्धा केला होता. विणकर म्हणाला, आपल्या मागावर नाही, पण शेजारच्या पेठेत हिवाळ्यात कोणीतरी तसाच तुकडा करून घेतला, अमेरिकेहून आलेल्या माणसासाठी.

"कोण माणूस?"

"ते त्याला माहीत नाही. आणि मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण सोलापूरला सारखा जाणारा माणूस मीच."

हे त्याने स्वतःहून सांगितलं, याचा अर्थ तो सरळ आहे किंवा फार हुशार आहे. मीनाक्षीने त्याच्याकडून एक लुगडं दोन दिवसांसाठी मागून घेतलं. तिने ते उलगडून काठ पाहिला. वाऱ्याने उजवीकडे कलाव्यात तशा पिवळ्या कोयऱ्या, एकामागे एक. नेसणाऱ्या बाईच्या घोट्यावर त्या छान दिसतील, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं.

पार्किंगमध्ये आल्यावर तिने केयाला फोन करून विचारलं, हिवाळ्यात या चौघांपैकी भारतात कोण गेलं होतं.

"सगळेच," केया म्हणाली. "मी सोडून."

४

त्र्यंबकरावांकडे जायचं तिने शेवटपर्यंत लांबवलं होतं, आणि ते का, हे तिला नीट माहीत होतं. तिचा नवरा श्रीकांत गेला तेव्हा हॉस्पिटलचे कागद, अंत्यविधी, नागपूरला फोन, सगळं त्र्यंबकरावांनी केलं होतं. ती तेव्हा सोफ्यावर नुसती बसून होती. अशा माणसाच्या घरी संशय घेऊन जाणं म्हणजे पायातले बूट न काढता देवघरात शिरण्यासारखं.

त्यांनी दार उघडलं ते नेहमीच्या मायेने. "मीनाक्षीताई, या. तुमच्या हातात हे प्रकरण आलं, बरं झालं."

ते तिला आपल्या अभ्यासिकेत घेऊन गेले. एका भिंतीवर त्यांच्या पणजोबांचं, सखारामशेट रेवणकरांचं तैलचित्र. पगडी, उपरणं, करारी डोळे. दुष्काळात या माणसाने सोलापूरच्या विणकरांना उधार सूत देऊन जगवलं, ही गोष्ट इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी सांगायचं. प्रदर्शनाच्या दालनाला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या भिंतीवर त्या प्रदर्शनाचं पोस्टर काचेत मढवून लावलं होतं, चांगलं पुरुषभर उंच. डाव्या बाजूला शीर्षक, आणि त्याच्याकडे झुकून बघणाऱ्या पिवळ्या कोयऱ्या.

त्र्यंबकराव राजसबद्दल फार जपून बोलले. मुलगा गुणी आहे. आमच्या घरी जेवलाय, झोपलाय. पण परदेशात एकटी राहणारी पोरं, व्हिसाची टांगती तलवार, त्यात चॅप्टर पुरा करायची घाई. माणसाचा तोल जातो. त्याला कडक शिक्षा होऊ नये असं आपण समितीला सांगणार आहोत. पोलिसांत जाऊ नये, शांतपणे मायदेशी जाऊ द्यावं.

"पण त्याला तुकडा चोरून मिळालं काय असतं?" मीनाक्षीने विचारलं. "शिक्का वाचायला तर तोच धडपडत होता."

"शिक्का निघालाच नसता तर?" ते शांतपणे म्हणाले. "सगळा प्रबंध त्यावर बेतलेला. शिक्का नाही असं जगाला दिसण्यापेक्षा तुकडाच नाही हे बरं."

युक्तिवाद बिनतोड होता. गाडीत बसल्यावरही तिला तो बिनतोडच वाटला, आणि तिला बरं वाटलं. राजस असेल तर त्र्यंबकराव नसतील. टोल रोडवर येईपर्यंत तिला स्वतःचीच शंका आली. तपासणीत मनाला बरं वाटायला लागलं की काहीतरी बघायचं राहिलेलं असतं.

५

खोटी वस्तू खोटी ठरली की तिच्याकडे कोणी पुन्हा बघत नाही. सगळे खरीच्या मागे धावतात. मीनाक्षीला कंपनीने पहिल्या वर्षी जे शिकवलं नव्हतं आणि तिला विसाव्या वर्षी कळलं ते हेच, की खोटी वस्तू हा सगळ्यांत बोलका साक्षीदार. ती कोणीतरी कशावरून तरी बनवलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संग्रहालयाच्या टेबलावर खोटा तुकडा ठेवला आणि त्याच्या शेजारी शैलेंद्रचं लुगडं पसरलं. दोन्हींची कड स्वतःकडे. तिने काही सांगायच्या आतच केया म्हणाली, "मावशी, दे आर फेसिंग द अदर वे."

लुगड्यातल्या कोयऱ्या उजवीकडे झुकलेल्या. तुकड्यातल्या डावीकडे.

"उलटा तर नाही ना ठेवला?" म्हणत केयाने तुकडा पालथा केला. पालथ्या बाजूला धाग्यांची सुटी टोकं लोंबत होती. म्हणजे आधीची बाजूच सुलटी होती. फिरवून ठेवला तर कड वर जात होती. कसाही धरा, कोयऱ्या चुकीच्या दिशेला होत्या. केयाने राजसने काढलेले खऱ्या तुकड्याचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडले. सगळ्या फोटोंत कोयऱ्या उजवीकडे.

मीनाक्षीने एकेकाला बाजूला काढायला सुरुवात केली. ज्याने खरा तुकडा समोर ठेवून नक्कल केली असती त्याची नक्कल सुलट आली असती. राजसकडे हे फोटो होते, त्याला उलट करायचं कारण नव्हतं. शैलेंद्रचा नमुना तर दुकानात लटकत होता, सुलट. त्याने नक्कल करून घेतली असती तर आपल्याच मागावर, आपल्याच नमुन्याची. म्हणजे नक्कल करणाऱ्यापुढे एकच चित्र होतं, आणि ते उलटं होतं.

"केया, तुमच्या पोस्टरवर कोयऱ्या शीर्षकाकडे पाठ करून आहेत. असं का ठेवलंस?"

"ओह, दॅट." केया जरा ओशाळली. "आधी मी फोटो फ्लिप केला होता. डिझाइन छान दिसत होतं, कोयऱ्या टायटलकडे बघतात असं. पण मग मला गिल्टी वाटलं. हिस्टॉरिकल ऑब्जेक्ट उलटा कसा दाखवायचा? छापायच्या आधी मी तो सरळ केला."

"उलटा कुणी पाहिला?"

"कुणीच नाही. एकच प्रूफ काढलं होतं, गेल्या दिवाळीच्या आधी. अप्रूव्हलसाठी पाठवलं होतं ते..."

ती खुर्चीत बसली.

केयाने तो खोटा तुकडा करून घेतला असता तर सरळ फोटो तिच्याच हाताशी होता, म्हणजे तीही सुटली. उरलं एकच घर, जिथे ते प्रूफ काचेत मढवून लावलेलं होतं. मीनाक्षीने काल त्याच्यासमोर बसून चहा प्यायला होता. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मनाने पाहायचं नाकारलं होतं.

६

ती एकटीच त्र्यंबकरावांकडे गेली. या वेळी चहाला नको म्हणाली आणि अभ्यासिकेतल्या पोस्टरसमोर उभी राहिली.

तिने आरोप केला नाही. फक्त कोयऱ्यांची दिशा दाखवली, आणि तुकडा कुठल्या दिशेचा आहे ते सांगितलं. त्र्यंबकराव इंजिनिअर होते. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि पोस्टरऐवजी पणजोबांच्या चित्राकडे पाहिलं.

"तुम्हाला आठवत असेल," ते म्हणाले, "श्रीकांत गेला तेव्हा..."

"आठवतं. म्हणूनच समितीकडे न जाता आधी इथे आले."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुकड्यातुकड्याने. घरात लहानपणी एक वाक्य कानावर पडलं होतं, त्यांच्या आजीचं, चुलीपाशी कुणाला तरी म्हणताना: शेटजींनी साहेबाला माग दाखवले आणि पेठ बसली. तेव्हा अर्थ कळला नव्हता. मोठेपणी कळला, की तेच काठ परक्या गिरण्यांनी स्वस्तात काढले आणि पेठेतले विणकर बुडाले, पण दुष्काळातल्या सुताची गोष्ट तोवर इतक्या वेळा सांगून झाली होती की तीच खरी वाटायला लागली. दिवाळीत राजस शिक्क्याबद्दल बोलला आणि त्यांनी हातातली फराळाची बशी खाली ठेवली. हिवाळ्यात सोलापूरला गेले, फोनमध्ये या पोस्टरचा फोटो दाखवून तुकडा विणून घेतला. समितीच्या भेटीत सगळे जेवायला गेले असताना बदलला.

"आणि खरा?"

"जाळायला काढला होता. जमलं नाही." त्यांनी टेबलाचा खण उघडला. पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेला तो तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढला. "हा घेऊन जा. कुठेतरी सापडला म्हणा. पोरगाही सुटेल, माझं नावही राहील."

मीनाक्षीच्या मनात क्षणभर आलं की असंच करावं. या माणसाचं तिच्यावर ऋण होतं, आणि कुणाचंच नुकसान झालं नसतं. पण तिला राजसचे तांबारलेले डोळे आठवले, आणि काल याच खोलीत ऐकलेलं ते बिनतोड बोलणं. पणजोबांसाठी कापड बदलणं तिला समजू शकत होतं. घरी जेवलेल्या पोराला शांतपणे मायदेशी पाठवायची तयारी करणं समजत नव्हतं.

"त्र्यंबकराव, मी नेणार नाही. तुम्ही न्यायचं. गाडी मी चालवते."

संग्रहालयात राजस आणि केया वाट बघत होते. त्र्यंबकरावांनी पुडी राजसच्या पुढ्यात ठेवली आणि घडलेलं सगळं सांगितलं, खुर्चीत न बसता, उभ्याने. सांगून संपल्यावर राजसने हातमोजे चढवले, दिवा लावला, आणि तुकडा पालथा केला. कापड काळसर राहिलं, जुनं सूत राहतं तसं. कोपऱ्यातला डाग हळूहळू उमटला. गोल, मध्ये मोडी अक्षरं.

राजसने मोडी शिकून घेतली होती. तो सावकाश वाचत गेला. "सखाराम... रेवणकर. दलाल, मुंबई."

वरून एक विमान उतरत गेलं, काचा थरथरल्या.

"हे नाव तू छापणार?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"छापणार. त्याच्यासाठी तर दोन वर्षं येतोय." राजसने दिवा बंद केला. त्याचा आवाज चढला नव्हता. "दुष्काळातलं सूतही लिहीन. पुरावा असला तर. तुम्ही काय केलंत ते मात्र मी लिहिणार नाही. माझा विषय एकोणिसावं शतक आहे. आत्ताचं तुमचं तुम्ही सांगायचं."

त्या बोलण्यात 'काका' कुठेच नव्हतं, आणि ते त्र्यंबकरावांच्या लक्षात आलेलं मीनाक्षीला दिसलं. त्यांनी कोटाची बटणं लावली.

"डायरेक्टर आहेत ऑफिसात?"

केयाने मान डोलावली. मीनाक्षी उठायला लागली तशी त्यांनी हातानेच तिला बसवलं. दार ओढून घेताना ते एकदा थांबले. कॉरिडॉरमधली पावलं लांब गेली, मग कुठेतरी दारावर टकटक झाली.

राजसने टेबलावरचा तुकडा सरळ केला. "केया, टेप दे," तो म्हणाला. "काठ मोजायचा राहिलाय."

केयाने टेपचं एक टोक धरलं.